हात लावून बघा

बिराजदार बाई कापडाच्या दुकानात शिरल्या की आधी चष्मा काढून पर्समध्ये ठेवायच्या. रंग आणि नक्षी नीट दिसली की माणूस भुलतो, असं त्यांचं म्हणणं. मग पुढ्यात टाकलेल्या साडीचा कोपरा मुठीत गच्च आवळायच्या, सोडायच्या आणि चुणी कशी उलगडते ते बोटांनी चाचपत बसायच्या. शिवलेला कपडा असेल तर शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायच्या. दुकानदार समोर हसत उभा असायचा, पण ते हसू जरा कोरडंच. एवढं सगळं झालं की बाई आमच्याकडे वळून विचारायच्या, "किती वेळा घालणार?"

मी शाळेत नवीन लागले तेव्हा त्या शाळेतल्या सर्वांत जुन्या शिक्षिका होत्या. गणित शिकवायच्या. भवानी पेठेत घर, घरात कन्नड, शाळेत मराठी आणि रागावल्या की दोन्ही. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी दीपा. माझ्या भावाच्या लग्नासाठी साडी घ्यायची होती आणि सोलापुरात माझं कुणी नव्हतं, म्हणून बाई सोबत आल्या. मी भरजरी हिरवी साडी पसंत केली होती.

"ही नेसून कुठं जाणार?" बाईंनी विचारलं.

"लग्नात."

"त्याच्यानंतर?"

"आणखी कुणाच्या तरी लग्नात."

"तिथं तुझ्या घरचेच बघतील आणि म्हणतील, भावाच्या लग्नातली तीच साडी. मग तू ती परत नेसायची नाहीस. कपाटात पडून राहील आणि तू वर्षाकाठी घडी बदलत बसशील. मला माहीत हाय की."

त्यांनी मला इरकल घ्यायला लावली. लग्नात मी थोडी साधी दिसले, हे खरं. पण नंतर ती साडी शाळेत, सणाला, प्रवासात, आजारी नातेवाइकांना भेटायला, सगळीकडे नेसली. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली की अंगावर आहे हेच विसरायला व्हायचं. "किंमत दुकानात कळत नाही," बाई म्हणायच्या, "दोरीवर वाळत घालताना कळते."

त्या कंजूष होत्या असं कुणी समजू नये. आमच्या शाळेत कविता नावाची मुलगी होती. तिची आई राजेश्वरी विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. दिवाळीच्या आधी बाजारात आम्हाला त्या मायलेकी भेटल्या. कवितानं झालरीचा लालभडक फ्रॉक धरून ठेवला होता आणि राजेश्वरी तिचा हात सोडवत होती. बाईंना बघून तिला बरं वाटलं. आता बाईच पोरीला समजावतील, अशा आशेनं ती बाजूला झाली. बाई कवितापुढे वाकल्या.

"हा कधी घालशील?"

"रोज."

"शाळेतनं आल्यावर?"

"हो."

"झोपताना?"

पोरीनं आईकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "झोपताना पण."

बाई उभ्या राहिल्या. "घे राजेश्वरी. ही पोरगी ह्याची चिंधी केल्याशिवाय सोडायची नाही. ह्याच्याएवढा स्वस्त कपडा तुला मिळायचा नाही."

आणि तसंच झालं. झालर गळून पडेपर्यंत कविता तो फ्रॉक घालत होती. ही गोष्ट राजेश्वरीनं गल्लीभर सांगितली. तेव्हापासून पालक शाळेच्या फाटकाशी बाईंना गाठून पिशवीतून कपडे काढून दाखवायचे. बाईंनी मान डोलावली की कपडा घरी राहायचा, नाही तर दुकानात परत जायचा.

मग एका वर्षी संस्थेनं गणवेश बदलायचं ठरवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पालकांची सभा झाली. थोरलीचा गणवेश धाकटीला होतो, आता सगळेच नवे घ्यायचे म्हणजे काय, असा सूर होता. मुख्याध्यापकांचं कुणी ऐकेना. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बिराजदार बाई काय म्हणतात?" सभा शांत झाली.

बाई उठल्या, पदर सारखा केला. "मी कशाला सांगू? सुनंदाबाई नमुना घेऊन तुमच्या घरी येतील. हात लावून बघा आणि तुमचं तुम्हीच ठरवा."

माझं नाव घेतलं म्हणून मी फुलून गेले. इतक्या वर्षांनंतर बाईंनी आपल्याला त्यांच्या जागी उभं केलं, असं वाटलं. पुढचे काही दिवस मी तो कापडाचा तुकडा घेऊन गल्ल्यांमधून फिरले. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं. बायका हातातलं काम ठेवून, हात पुसून तुकडा बघायच्या. कापड खरंच चांगलं होतं, घट्ट आणि तरी मऊ. राजेश्वरीनं तर कडेचा धागा ओढून बघितला. "चांगलं हाय टीचर," ती म्हणाली. "तुम्ही आला म्हणजे काय बघायचं?"

शाळा सुरू झाली, गणवेश आले. श्रावण लागेपर्यंत मुलांच्या चड्ड्या बुडाशी पातळ झाल्या होत्या. स्कर्टचा निळा रंग पांढऱ्या शर्टांवर उतरला होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत राजेश्वरी कविताचा स्कर्ट घेऊन आली. शिवण शाबूत होती, शिवणीशेजारचं कापडच विरलं होतं.

"टीचर, तुम्ही दाखवलं ते कापड हे नाही." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही घरी आला होता, म्हणून घेतलं आम्ही."

मी तो स्कर्ट घेऊन थेट शिक्षक खोलीत गेले. बाई आता पेटून उठतील, त्या पुरवठादाराला शाळेत उभा करतील, याबद्दल मला शंका नव्हती. बाईंनी स्कर्ट हातात घेतला. चष्मा काढला नाही. मुठीत आवळला नाही.

"ह्या बायका सोडा घालून घासतात गं," त्या म्हणाल्या आणि स्कर्ट माझ्याकडे देऊन पेपर तपासू लागल्या.

मला वाटलं, त्यांना बरं नसेल. म्हणून पुढच्या रविवारी मी एकटीच गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात गेले. एमआयडीसीत पत्र्याची शेड, दारात बांधलेल्या गाठोड्यांची चळत. आत मालकाच्या खुर्चीवर महेश बसला होता, दीपाचा नवरा. त्याच्या लग्नात मी पंगतीला वाढलं होतं.

"या की मॅडम, बसा. अत्तींनी पाठवलं का?" तो सासूबाईंना कन्नडात अत्ती म्हणायचा.

आपण काही उघड करतोय, याची त्याला कल्पनाच नव्हती. मला सगळं माहीत आहे असंच तो धरून चालला होता. दुसऱ्या कुणी तरी नाकारलेला माल त्याच्या गळ्यात पडला होता. नमुन्याचा तुकडा वेगळ्या गठ्ठ्यातला, हेही तो सहज बोलून गेला. "अत्तींनी एवढं मनावर घेतलं म्हणून उठला बघा माल," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा न घेताच उठले.

तिथून मी बाईंच्या घरी गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"महेशकडे जाऊन आले," मी म्हणाले.

त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली आणि गॅस बंद केला.

"माल वेगळा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"हात लावला होता त्याला?"

"पहिल्यांदा मीच लावला. लावल्या लावल्या कळलं." मग त्या पिठाच्या हातांनी तशाच खाली बसल्या. "दीपा दोनदा बॅग घेऊन आली होती गं. धंदा बसला की तो तिच्यावर काढायचा. तिसऱ्यांदा आली असती तर परत गेली नसती."

"मग मला का पाठवलंत? तुम्ही जायचं होतं."

बाईंनी बोटांना चिकटलेलं पीठ खरवडून काढलं. "मी गेले असते तर खोटं बोलावं लागलं असतं. त्या बायकांना माझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला माहीतच नव्हतं. तू खरं बोलत होतीस."

"म्हणजे मी खरी होते, म्हणून मला निवडलंत."

"व्हय," त्या म्हणाल्या.

त्यांनी सबब सांगितली असती, रडल्या असत्या, तर मी कदाचित विरघळले असते. पण कपड्याबद्दल बोलताना बोलत तितक्याच सरळ त्या बोलल्या. सभेतलं त्यांचं बोलणं मी घरी जाताना पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कापड चांगलं आहे, असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. ते मी म्हणाले होते, दारोदार जाऊन.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि पुढच्या वर्षी दुसरीकडून कापड घेऊ, आता गवगवा नको, म्हणाले. मला ते पुरेसं वाटेना. मी राजेश्वरीच्या घरी गेले. तिच्या मांडीवर विड्यांचं सूप होतं. मी तिला सगळं सांगितलं, महेशचं, नमुन्याचं, बाईंचं. ती ऐकत राहिली आणि मग मान हलवली.

"नाही टीचर. बाईंनाच कुणीतरी फसवलं असेल. जावई असला म्हणून काय झालं? त्या असं करायच्या नाहीत."

"त्यांनीच मला सांगितलं, राजेश्वरी."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मी माझ्या अंगावरचं बाईंवर ढकलतेय, असं तिला वाटत होतं आणि त्याबद्दल तिला माझी थोडी कीव आली होती. त्यानंतर ती शाळेत आली की मला ओळख द्यायची, पण थांबायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात पालकांनी इतकी गर्दी केली की सतरंज्या कमी पडल्या. माझी पोलिओ लसीकरणाची ड्यूटी असल्याचं सांगून मी गेले नाही.

काही वर्षांनी दीपाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळलीय, तुमचं नाव घेते. मी गेले. बाई अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. दीपानं चहा दिला. तिच्या अंगावर आता चार दागिने होते, आवाजात घरची धिटाई होती. ती आत गेल्यावर बाई म्हणाल्या, "बघितलंस ना तिला?"

"बघितलं."

"परत वेळ आली तर परत तेच करीन मी, सुनंदा. तुला खोटं नाही सांगणार."

मला ते समजत होतं. माझी मुलगी असती तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही. पण त्यांनी वापरलेलं माणूस मी होते, आणि ते समजून घेतल्यानं कमी होत नव्हतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"शाळेत, गल्लीत, सगळ्यांना सांगितलं असशील," त्या म्हणाल्या. "सांगायलाच पाहिजे होतं."

"राजेश्वरीला सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाईंना कुणीतरी फसवलं असेल. बाई असं करायच्या नाहीत."

कबुली देताना ज्या बाई रडल्या नव्हत्या, त्या तेव्हा रडल्या. तोंड भिंतीकडे करून, आवाज न करता, खांदे हलत राहिले. मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही. तशीच बसून राहिले, त्या थांबेपर्यंत.