चांदीची पट्टी

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक बाई बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. जखमेच्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत त्या कामाला होत्या. मक्यापासून केलेल्या कापडावर त्या चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवायच्या, म्हणजे जखमेत जंतू वाढत नाहीत. वापरून टाकलेली पट्टी पुढे मातीत कुजायला हवी होती. पण चांदी मातीतले जंतूही मारायची आणि चांदी कमी करून पाहिली तरी पुरलेली पट्टी दर वेळी जशीच्या तशी निघायची.

बोलता बोलता त्या माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून पोत बघायच्या. एकदा म्हणाल्या, "अंगावर टिकायचं नि मातीत जिरायचं. माणसाला जमतं, कापडाला का जमू नये?"

कंपनीच्या साहेबांनी त्यांना एकच शेवटची चाचणी करू दिली. त्यांनी चांदी आणखी कमी केली, जखमेतले जंतू तरीही मरतात याची खात्री केली आणि पट्टी पुरली.

काही महिन्यांनी त्या पेढे घेऊन बसमध्ये चढल्या.

"नातू झाला का, ताई?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही हो भाऊ. कापड कुजलं."

"अभिनंदन," तो गंभीरपणे म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.

मोशी येईपर्यंत बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या.