चांदीचा कागद आणि बिरूआबांचं घोंगडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—एकदा ओठांवर आलं होतं, तेही गिळलं. वर्षानुवर्षं टाळत आलो. आता वय असं झालंय, की टाळायला पुढे फारशी जागा उरलेली नाही.

एकोणीसशे तीसच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बारामतीत मोटारी दुरुस्त करायचो. विशी नुकती ओलांडलेली, आणि विजेचं थोडं समजतं म्हणून ताठा भरपूर. कळंबकडच्या एका बागायतदारांनी—सगळे त्यांना रावसाहेब म्हणत—मुंबईहून मोटारीत बसवायचा रेडिओ आणला. त्या संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांना मोटारीतलं गाणं ऐकवायचं होतं.

मी रेडिओ बसवला. इंजिन चालू केलं की नुसती खरखर. प्लगांच्या ठिणगीची ती खरखर घालवण्यात दुपार गेली. मग फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

फ्यूज उडतो म्हणजे कुठंतरी वायर पत्र्याला लागते आहे—हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पत्र्याला भोक मीच पाडलं होतं, आणि त्याच्या धारदार कडेला रबर न लावताच वायर ओवली होती. ते नीट करायचं तर सगळा रेडिओ उतरवावा लागला असता. मी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला, उडालेल्या फ्यूजवर गुंडाळला आणि तोच परत बसवला. आता वायर कितीही तापली तरी फ्यूज उडणार नव्हता. गाणं लागलं. कुणी पाहिलं नाही.

रावसाहेबांचे ड्रायव्हर बिरूआबा—वरकुट्याच्या मेंढपाळ घरातले—मोटार न्यायला आले होते. सीटवर स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं अंथरूनच ते मोटार चालवत.

"आबा, मोटारीला मेंढरांचा वास यायला लागलाय," मी म्हणालो.

"येऊ द्या की मिस्त्री. तिला बी कळू दे, कुणाच्या हातात हाय ती."

मी शेजारी बसलो. रावसाहेबांचं घर दिसायला लागलं, आणि एका गचक्यासरशी रेडिओखालून धूर आला, मग जाळ. आबांनी मोटार थांबवली, बसल्या जागचं घोंगडं ओढलं आणि जाळावर दाबून धरलं—दोन्ही हातांनी. मी? मी उडी मारून बाहेर पडलो. बॅटरीची वायर उपटायची, हे फार उशिरा सुचलं. आग विझल्यावर मात्र एक गोष्ट चटकन सुचली—तो फ्यूज काढून खिशात टाकायची.

रावसाहेब धावत आले, मागोमाग पाहुणे. कशानं पेटली, म्हणून मला विचारलं. आणि मी सांगितलं—आबांच्या घोंगड्याचं टोक वायरींवर लोंबत होतं, त्यानं पेट घेतला. जळकं घोंगडं तिथंच पडलेलं. वेगळा पुरावा कशाला हवा होता? ज्यानं मोटार वाचवली, त्यालाच मी आग लावणारा ठरवलं.

पाहुण्यांसमोर आबांची नोकरी गेली. ते भांडले असते तर? कदाचित मी कबूल झालो असतो—असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. पण ते भांडले नाहीत. हातांवर फोड उठत होते. घोंगड्याकडे बघत ते एवढंच बोलले, "मला काय ठावं मिस्त्री. तुमी म्हणता तर आसंल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. खोटं बोलल्यापेक्षा हे जास्त सलतं.

काही वर्षांनी इंदापूरच्या बाजारात मागून 'मिस्त्री' अशी हाक आली. आबा. पुन्हा मेंढरांमागं लागलेले, उजव्या हाताची बोटं आखडलेली. त्यांनी मला चहा पाजला आणि खालमानेनं म्हणाले, "मिस्त्री, येक मनात राहिलंय. तुमची दिसभराची म्हेनत माझ्या घोंगड्यानं जाळली. माफ करा मला."

बोलायला याहून सोपी वेळ कुठली येणार होती?

"असू द्या आबा," मी म्हणालो. "झालं गेलं."

मी त्यांना माफ केलं. त्यांचा चेहरा हलका झालेला मी पाहिला, आणि उठलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

आबा, घोंगड्यानं नाही. आग माझ्यामुळं लागली. माझं चुकलं—एवढंच म्हणायचं होतं, आणि मी चहा संपवून निघून आलो.