कपाटातला हिरवा उजेड

कोकिळाबाईंनी तो उजेड आयुष्यात एकदाच पाहिला होता. एकदा पाहिलेल्या गोष्टीपायी माणूस किती वर्षं वेडं राहू शकतं, हे बघायचं असेल तर वर्ध्याच्या त्या कॉलेजात, मागच्या व्हरांड्यातल्या भट्टीच्या खोलीत डोकवावं. पण लवकर. महिनाअखेरीला बाई रिटायर होणार, भट्टी भंगारात जाणार आणि खोलीत कॉम्प्युटर बसणार.

बाईंचं शास्त्र घन पदार्थांच्या रसायनाचं. नाव भारदस्त, काम मात्र स्वयंपाकघरातलं. पांढऱ्या पुडी मोजून घ्यायच्या, त्यात महागड्या धातूची चिमूट टाकायची, खलात घोटायचं, मातीच्या मुशीत भरून भट्टीत भाजायचं. निवलं की पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. जमलं तर ती पूड उजेड पिऊन ठेवते आणि अंधारात हळूहळू सोडते. नाही जमलं तर नुसतं पीठ. जवळच्या आंजी गावात शेती करणारे बाईंचे वडील रूपराव चारचौघांत कौतुकानं सांगत, "पोरगी दगडं भाजून राह्यली, अन् पगार सरकार देते."

नोकरीच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात बाईंनी असाच एक घाणा काढला. संध्याकाळी पूड बशीत ओतून कपाटात ठेवली. सकाळी खिडक्या उघडायच्या आधी कपाट उघडलं, तर आत हिरवं उजाडलं होतं. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा रंग. बाकीच्या पुडी घटकाभरात विझत, ही रात्रभर जागली होती. तरणीताठी कोकिळा फरशीवर फतकल मारून बसली. तासाची घंटा झाली, पोरं वर्गात वाट पाहून निघून गेली, हिला पत्ता नाही.

परत करू की, त्यात काय, असं म्हणून तिनं ती पूड सीलबंदही केली नाही. पावसाळ्यात ओल धरली आणि पूड विझली. आणि मग ते परत काही होईना. तीच पूड, तीच भट्टी, तोच हात.

विभागप्रमुख दत्तोपंत भला माणूस. म्हणाले, "कोकिळाबाई, आकडे हातात आहेत ना? छापून मोकळ्या व्हा."

"दुसऱ्यांदा होऊ द्या, सर."

"एकदा झालं ते काय खोटं होतं?"

"एकदा होते तो योग, सर. दुसऱ्यांदा होते ते रसायन."

नाही छापलं. इतकं खरं वागून कोणाचं भलं झालंय? मागून आलेले पुढे गेले, बाई होत्या तिथेच राहिल्या. लागलं त्यांना, चांगलं जिव्हारी लागलं. पण आंजीला आई जिजाबाई "त्या उजेडाचं काय झालं वं?" म्हणून विचारायची, तेव्हा त्या एवढंच म्हणत, "कसं सांगू, माय? लोकाईनं करून पाह्यलं अन् नाई झालं, तर खोटं पडन."

मग बाईंनी स्वच्छतेचा ध्यास घेतला. त्यांना वाटलं, कुठेतरी घाण येते. मुशी ॲसिडनं धुवायच्या, पाणी गाळलेलं, हातमोजे घातल्याशिवाय चमचा धरायचा नाही. पूड दरवर्षी जास्त शुद्ध होत गेली आणि दरवर्षी लवकर विझत गेली. दुपारच्या तासाला फळ्याकडे वळलं की बाईंना डोळ्यांपुढे तो हिरवा उजेड दिसायचा. बोलता बोलता वाक्य अर्धं सुटायचं. पोरं म्हणायची, मॅडम गेल्या कपाटात.

या थंडीत एका रविवारी त्या आंजीला गेल्या. जिजाबाई आता थकल्या, पण अंगणातली चूल सोडत नाहीत. तुरीच्या शेंगा उकडायच्या होत्या. म्हातारीनं गंज म्हणजे उभट पातेलं घेतलं, चुलीतली पऱ्हाटीच्या काड्यांची राख पाण्यात कालवली आणि गंजाच्या बुडाला सगळीकडून चोपडली. भांडं काळं होऊ नये म्हणून लावतात तशी. बाईंनी हे जन्मभर पाहिलेलं. आज मात्र त्या बघतच राहिल्या.

"माय, त्या उन्हाळ्यात कॉलेजचे नळ आटले होते. मी मुशी घासाले इथं आणल्या होत्या. आठवते?"

"त्या पांढऱ्या वाट्या? मीच तं घासल्या."

"कायनं?"

"राखेनं. अन् मंग बुडाले लावली. भट्टीत जाणार म्हणे तू. मले वाटलं, पोरीची भांडी काळी होतीन."

कोकिळाबाई खाली बसल्या. "मले सांगितलं काऊन नाई?"

"राख लावली, हे काय सांगाची गोष्ट हाय?"

जी घाण काढायला बाईंनी उमर घातली, तीच ती. कापसाच्या काड्यांच्या राखेत खार असतो. तो मुशीत मुरला असणार, भट्टीच्या आचेत पुडीला मिळाला असणार. असणार! बाई स्वतःलाच बजावत होत्या, की अजून हे नुसतं असणारच आहे. डब्यात राख घेतली, म्हातारीला घेतलं आणि संध्याकाळची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी जिजाबाईंनी आपल्या हातानं मुशी घासल्या, बुडाला राख लावली. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. घोटलं, भाजलं, निववलं, पुन्हा घोटलं. काम सरलं तेव्हा दिवस कलायला आला होता. बशी कपाटात गेली.

सकाळी खिडक्या बंदच ठेवल्या. बाईंचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"तू उघड, माय."

जिजाबाईंनी दार ओढलं. आधी त्यांची बोटं हिरवी झाली, मग बांगड्या, मग सुरकुत्यांचा चेहरा. खोलीत हरभऱ्याचं वावर उतरल्यासारखं झालं. कोकिळाबाई त्याच फरशीवर तशाच फतकल मारून बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. म्हातारी गुडघे सावरत शेजारी टेकली. रसायन तिला कळलं नाही, पण लेकीची अडचण ती विसरली नव्हती.

"आता सांगशीन ना लोकाईले?" तिनं विचारलं. "आता नाई ना खोटं पडणार?"

"नाई, माय," कोकिळाबाई म्हणाल्या. "आता नाई."