गुळाचे डुक्कर

चूक माझी होती, अस्वलाची नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात गेले वर्षभर या प्रकरणाचा दोष अण्णावर, ग्रहांवर आणि अधूनमधून अस्वलावरही टाकून झाला आहे. माझ्यावर तो कोणी टाकला नाही, आणि मीही कोणाला तसे सुचवायला गेलो नाही.

आमचे घराणे साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळुरात आले. (फौजेत होते की फौजेच्या मागून सामान घेऊन आले, यावर घरात दोन मते आहेत.) आता आमच्यात कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार घेतो. पराक्रमापैकी आमच्याकडे उरला आहे तो देवघरातला एक भाला आणि वर्षातून एकदा होणारी ‘बेटे’, म्हणजे शिकार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आनेकलच्या पलीकडे, आमच्या शेतातल्या देवापाशी जमतो. शेताला लागूनच रान आहे. पूर्वी तिथे खरे डुक्कर मारत. पुढे कायदा आला आणि आमचे पूर्वजही बहुधा जाड झाले, तेव्हापासून डुक्कर रागीच्या पिठाचे असते. घरातला एक जण ते बनवतो आणि झुडपात लपवतो. भाल्याचा मानकरी ते हुडकतो आणि भोसकतो. लपवणारा पूजेचे ताट घेऊन त्याच्या मागून चालतो. आणि एकच नियम असा, की भाला उचलल्यापासून तो डुकरात घुसेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. जो बोलेल त्याचा भाल्याचा मान गेला, आणि घराण्याचे ते वर्ष वाईट गेले.

भाल्याचा मानकरी माझा थोरला भाऊ, अण्णा. वय पासष्ट. बसवनगुडीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत. कानडी अक्षर असे गोल काढायचा, की पाटी वाचायच्या आधी माणूस ती बघत उभा राहायचा. मी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणून घरात मला अजून चिक्कण्णाच, म्हणजे धाकटा भाऊच, म्हणतात.

गेल्या वर्षी डुक्कर बनवायची पाळी माझी होती. रागीचे डुक्कर शिकारीनंतर भाजून प्रसाद म्हणून वाटतात, आणि तो प्रसाद दाताने तुटत नाही. दरवर्षी मुले तो खिशात घालून बसच्या खिडकीतून बाहेर टाकतात. माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला.

“अगं, यंदा जरा सुधारणा करू,” मी बायकोला म्हणालो.

“दोड्डकाकांना विचारलंत?” (दोड्डकाका म्हणजे आमचे मोठे काका. वय चौऱ्याऐंशी. परंपरेचे सुप्रीम कोर्ट.)

“वरून रागीच लावतो. आत काय आहे ते कोणाला कळतंय?”

आत गूळ होता. कुटलेले दाणे होते, सहा पिकलेली केळी होती आणि चांगले वाटीभर तूप. असे देखणे डुक्कर आमच्या घराण्यात कधी झाले नव्हते. सकाळी शेतावर पोचल्यावर ते नैसर्गिक दिसावे म्हणून मी एका मोठ्या वारुळाला टेकवून ठेवले. अस्वलाला वारूळ किती प्रिय असते हे मला नंतर समजले. म्हणजे मी नुसते पक्वान्न केले नव्हते, त्याच्या जेवायच्या खोलीत नेऊन वाढले होते.

अर्ध्या तासाने अण्णाने भाला उचलला. सगळे गप्प झाले. दोड्डकाका खुर्ची टाकून देवापाशी बसले, बाकीची मंडळी त्यांच्याभोवती, आणि आम्ही दोघे रानात शिरलो. अण्णा मोठ्या इमानाने शोधायचा. डुक्कर कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस तीन पावलांवर आहे, पण चुकूनही मागे वळून माझा चेहरा वाचायचा नाही. तो डावीकडच्या करवंदीत वाकून बघत होता. मी उजवीकडे वारुळाकडे बघत होतो, कारण डुक्कर तिथे होते.

डुक्कर नव्हते. त्याच्या जागी एक काळा, केसाळ, भला मोठा ढीग होता आणि तो चाटत होता.

आता मी जे लिहितो आहे ते नीट वाचावे, कारण वर्षभर मी ते वेगळे सांगत आलो. मी अस्वल पाहिले तेव्हा अण्णाला ते दिसलेले नव्हते. आमच्यात आणि अस्वलात वीस पावले होती. मी “अण्णा” एवढे म्हटले असते तरी पुरले असते. मी म्हटले नाही. मी पूजेचे ताट छातीशी धरले आणि एका चिंचेच्या मागे जाऊन उभा राहिलो. नियमाची मला त्या वेळी आठवणसुद्धा नव्हती.

अण्णा करवंदीतून सरळ झाला आणि वारुळाकडे निघाला. सात-आठ पावलांवर आला तेव्हा अस्वल उठून उभे राहिले. त्याच्या तोंडाला गूळ लागला होता. अण्णाने एकदा त्याच्याकडे बघितले आणि मग मागे, मी जिथे असायला हवा होतो तिथे. मी दिसलो नाही. त्याला वाटले असणार मी उघड्यावरच कुठेतरी आहे.

“चिक्कण्णा, पळ! करडी आलंय, पळ!”

(करडी म्हणजे कानडीत अस्वल.) त्या ओरडण्याने ते दचकले. ते उरलेले डुक्कर तोंडात धरून रानात गेले. अण्णाला त्याने स्पर्शही केला नाही. पण अण्णा उलट्या पावलांनी, माझ्या नावाने हाका मारत मागे येत होता, तो पाण्याच्या दगडी चरात पडला. उजव्या मनगटावर.

सगळे धावत आले. सगळ्यांत शेवटी काठी टेकत दोड्डकाका आले आणि चरात पडलेल्या अण्णाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“बोललं कोण?”

“मी,” अण्णा म्हणाला.

“आणि चिक्कण्णा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ताट छातीशी धरून उभा होतो, आणि तोंडातून अजूनही शब्द फुटत नव्हता.

“बघा,” दोड्डकाका म्हणाले, “समोर अस्वल असताना पोराने ब्र काढला नाही. याला म्हणतात घराणं.”

आरडाओरडा ऐकून जंगलखात्याचा गार्ड आला. त्याने वही काढली.

“कसली बेटे, सार?”

“डुकराची,” मी म्हणालो. वाचा आली ती नेमकी तेव्हा.

“डुक्कर कुठंय?”

“अस्वलाने खाल्लं.”

“अस्वल डुक्कर खात नाही, सार.”

“रागीचं होतं.”

तो वारुळापाशी गेला, खाली वाकला, बोट लावून वास घेतला. “रागीसाठी अस्वल दिवसाढवळ्या कुठं येतंय, सार?” असे म्हणून त्याने माझ्याकडे बघितले. मी आभाळाकडे बघितले. “सरी, ठीक आहे,” म्हणून त्याने वही मिटली आणि अण्णाला जीपपर्यंत न्यायला खांदा दिला.

अण्णाच्या मनगटात स्टीलची पट्टी घालावी लागली. हाड जुळले, पण बोटे पुरती मिटत नाहीत. तीन महिन्यांनी त्याने एका ओळखीच्या किराणा दुकानाची पाटी करायला घेतली. पहिलेच अक्षर काढले आणि थोडा वेळ त्याकडे बघत बसला. मग रॉकेलच्या फडक्याने ते पुसले, ब्रशांचा डबा माळ्यावर ठेवला आणि दुकानदाराला म्हणाला, “कंप्यूटरवर करून घ्या, स्वस्तात होईल.” मी शिडी धरून उभा होतो. शिडी मी फार चांगली धरतो.

इकडे घराण्याचे वर्ष वाईट जायला लागले. चुलत बहिणीच्या मुलाचा व्हिसा नाकारला गेला. “अण्णा बोलला ना.” मावशीच्या अपार्टमेंटची बोअरवेल आटली. “अण्णा बोलला ना.” (त्या बोअरवेलवर एकशे चाळीस फ्लॅट होते. अण्णाने सगळ्यांना तहानलेले ठेवले.) लग्नकार्यात लोक त्याच्याशी नीट बोलायचे, पण जरा जपून. अण्णा हसून म्हणायचा, “खरंय बाबा, तोंड आवरलं नाही माझं.” आणि मला मात्र बसायला खुर्ची मिळायची.

यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी दोड्डकाकांनी बसवनगुडीत अण्णाच्याच घरी सगळ्यांना बोलावले. भाला माझ्या हाती द्यायचा होता. मी आत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. अण्णा तिथे डाव्या हाताने चमच्याने सारू-भात खात होता. चमच्यातून थेंब गळून शर्टावर पडला, तो त्याने माझ्याकडे पाठ करून पुसला.

“अण्णा,” मी म्हणालो, “डुक्कर गुळाचं होतं.”

त्याने चमचा खाली ठेवला.

“आणि अस्वल मी आधी पाहिलं होतं. तुझ्या आधी. मी झाडामागे गेलो.”

“किती आधी?”

“बोलता आलं असतं, इतकं आधी.”

त्याने ताट बाजूला सारले. बाहेर वैनी कोणाला तरी कॉफी पुन्हा गरम करून देऊ का विचारत होत्या.

“मी तुला शोधत मागे आलो रे,” तो म्हणाला. मग शर्टावरचा डाग पुन्हा पुसत, “मला काय सांगतोस? हाताचं काय व्हायचं ते झालं. बाहेर सांग. नाव तिथं गेलंय माझं.”

मी बाहेर गेलो. दोड्डकाकांच्या मांडीवर भाला होता, आणि कानातले यंत्र कोपऱ्यात चार्जिंगला लावलेले होते.

“दोड्डकाका, चूक अण्णाची नाही.”

“काय? मोठ्यानं बोल.”

“डुक्कर मी गुळाचं केलं होतं.”

“अरे, मोठ्यानं.”

तेव्हा मी ओरडलो. डुक्कर गुळाचे होते, अस्वल मी आधी पाहिले, गप्प बसलो ते नियमासाठी नाही, भीतीने. आणि अण्णा ओरडला तो मला वाचवायला. समोरच्या घरातल्या अक्का गॅलरीत आल्या. रस्त्यावर एका रिक्षावाल्याने रिक्षा बंद करून पूर्ण ऐकून घेतले.

दोड्डकाकांनी सावकाश उठून यंत्र कानात घातले. “आता सांग,” ते म्हणाले. “आणि माझ्याकडे बघून नको सांगू.”

अण्णा दारात येऊन उभा होता, उजवा हात खिशात घालून. सगळ्या बंगळुराला ओरडून सांगणे त्या मानाने सोपे गेले होते.

“अण्णा,” मी म्हणालो, “तुझ्या समोर अस्वल आहे. मला माफ कर, सांगायला जरा उशीर झाला.”