कुरुळीला मुक्कामी गेलेली गाडी

आमच्या घरी सकाळ सुरू व्हायची ती गाड्यांपासून. थेरगावात डांगे चौकाच्या आतल्या बाजूला आमचं घर, खाली ऑफिस आणि पुढे थोडी मोकळी जागा. त्या जागेत चार छोट्या व्हॅन ओळीनं उभ्या असायच्या. धंदा पाण्याच्या फिल्टरचा. सोसायट्यांमधले घरगुती फिल्टर आणि चाकणच्या कंपन्यांच्या कँटीनमधले मोठे कूलर बसवायचे, साफ करायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. सासऱ्यांनी हे काम सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून सुरू केलं, नवऱ्यानं वाढवलं आणि लेक शाळेत जायला लागल्यावर फोन सांभाळायला मीही खाली येऊन बसले.

सासरे रोज अंघोळ करून खाली यायचे. प्रत्येक गाडीला उदबत्ती ओवाळायचे, टपावर हलकी थाप मारायचे आणि म्हणायचे, "हं, निघा." त्याआधी कोणी किल्ली फिरवायची नाही. संध्याकाळी चारही गाड्या परत आल्या की खिडकीतून बघायचे आणि मगच जेवायला बसायचे.

अडचण गॅसची होती. आमच्या गाड्या सीएनजीवर चालतात. तरी महिनाअखेरीला पंपाची बिलं बघून नवऱ्याचा चेहरा उतरायचा. शिवाय पंपावरची रांग. एखाद्या बाईला मी अकराची वेळ द्यायचे आणि आमचा माणूस त्या वेळी रांगेत इंजिन बंद करून गाडी ढकलत असायचा.

नवऱ्यानं उपाय सुरू केले. सगळ्यांना जमवून टायरमधल्या हवेवर भाषण दिलं, ते कामाला आलं. मग प्रत्येक गाडीत ती कुठे आहे हे दाखवणारं यंत्र बसवलं. त्यावर दोन दिवस सगळे घुश्शात. "वहिनी, आम्ही काय गाडी घेऊन गोव्याला पळणार का?" एकानं मला विचारलंच. त्यानंतर नवऱ्यानं मोबाइलमधल्या नकाशाला जवळचा रस्ता विचारायचा नियम काढला. पहिल्याच आठवड्यात नकाशानं आमची एक गाडी चिंचवड गावठाणातल्या अशा गल्लीत घातली, की पुढे लग्नाचा मांडव आणि मागून वरात. गाडीला ना पुढे जाता येईना ना मागे. शेवटी आमचा माणूस जेवूनच परतला. वर मला सांगतो, "मठ्ठा झकास होता."

मी मात्र त्या यंत्राच्या नादी लागले. फोन नसले की स्क्रीनवर चार ठिपके कुठे फिरताहेत ते बघत बसायचे. तीन ठिपके पिंपळे सौदागर, चिंचवड, पिंपरी असे आसपासच असायचे. चौथा सकाळी स्पाइन रोडनं मोशीकडे जायचा, इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणला पोचायचा आणि संध्याकाळी तेवढंच अंतर परत यायचा. ही गाडी आमच्या सर्वांत जुन्या मेकॅनिकची. वयानं ते नवऱ्यापेक्षा मोठे, सगळे त्यांना भाऊच म्हणतात.

एक दिवस तो ठिपका कुरुळीजवळ आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवाळीचा फराळ द्यायला आम्ही भाऊंच्या घरी गेलो होतो. ते घर कुरुळीतच, अगदी या रस्त्याला लागून! म्हणजे भाऊ सकाळी मोटरसायकलवरून थेरगावला यायचे, गाडी घ्यायचे आणि तीच गाडी स्वतःच्या दारावरून चाकणला न्यायचे. संध्याकाळी पुन्हा हाच खेळ उलटा. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

रात्री जेवताना मी म्हटलं, "भाऊंनी गाडी घरीच नेली तर? सकाळी तिथूनच चाकणला जातील."

नवरा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "अगं, हो की!"

सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. "आपली गाडी दुसऱ्याच्या दारात रात्र काढणार नाही."

"पण बाबा, भाऊ काय परके आहेत का?"

"भाऊचा प्रश्न नाही. माझ्या डोळ्यांपुढून गाडी गेली पाहिजे. संपला विषय."

मी विषय संपवला, पण मनातून नाही. पुढच्या आठवड्यात चाकणच्या एका कंपनीत नवे कूलर बसवायचे होते आणि कँटीनचे मॅनेजर सासऱ्यांचे जुने ओळखीचे. त्यांनी फोनवर विचारलंच होतं, "तुमचे सासरे कसे आहेत? आणा की एकदा." मी निरोप दिला. सासरे खूश झाले, इस्त्रीचा शर्ट घातला, चारही गाड्यांना उदबत्ती दाखवली आणि भाऊंच्या शेजारी जाऊन बसले. मी मागच्या सीटवर.

स्पाइन रोडपर्यंत सासरे मजेत होते. कुठे पूर्वी ज्वारी होती, कुठे ओढा होता, ते मला दाखवत होते. मोशीला ट्रकांच्या मागे अडकलो. गाडी चार हात पुढे जायची की थांबायची. सासऱ्यांनी रुमाल काढला. "रोज असंच असतं का रे?"

"आज बरंय म्हणायचं शेठ," भाऊ म्हणाले.

पूल ओलांडून कुरुळीत शिरलो, तशी रस्त्याकडेच्या एका घराच्या पायरीवरून एका बाईंनी हात हलवला. भाऊंनी हॉर्न वाजवला.

"कोण रे?"

"मंडळी हाय आमची. हे काय, घरच हाय आपलं."

"इथं? थांब, थांब. गाडी थांबव."

सासरे उतरले. घरापुढे शेणानं सारवल्यासारखं स्वच्छ अंगण, कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये एक म्हैस आणि निम्मी जागा रिकामी. त्यांनी शेडकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आल्या रस्त्याकडे पाहिलं. "म्हणजे तू सकाळी इथून निघून माझ्याकडे येतोस, आणि परत इथूनच पुढे जातोस?"

"व्हय की."

"मग कधी बोलला का नाहीस?"

भाऊ हसले. "तुमी उदबत्ती घिऊन उभं असता शेठ. कसं बोलायचं?"

तोवर भाऊंच्या मंडळी चहा घेऊन आल्या होत्या. "च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई," म्हणून त्यांनी सासऱ्यांना खुर्ची दिली. चहा पिताना सासऱ्यांची नजर शेडमधल्या रिकाम्या जागेवरच होती. कंपनीत मात्र मॅनेजरशी इतक्या गप्पा मारल्या की भाऊंचं काम संपलं तरी ते उठेनात.

परतीच्या वाटेवर कुरुळी आली तसं त्यांनीच गाडी थांबवायला सांगितली. "आपण इथून रिक्षानं जाऊ," मला म्हणाले. "गाडी राहू दे इथंच, याची मोटरसायकल उद्या कोणीतरी आणून देईल." उतरल्यावर मात्र ते टपावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मग सकाळी हिला उदबत्ती मी कशी ओवाळायची?"

पंपाच्या बिलांचा विचार करता करता मी त्यांच्या सकाळीत हात घातला होता, आणि हे मला तेव्हा कळलं. उत्तर भाऊंच्या मंडळींनी दिलं. "मामा, मी म्हशीला हळदीकुंकू लावते तशी गाडीला बी लावीन. तुमी फोनवर बघा की." दुसऱ्या दिवशी खरंच व्हिडिओ कॉल आला. गाडीच्या मागून म्हैस डोकावत होती. सासरे पोट धरून हसले.

पण तो कॉल काही मिनिटांचा. बाकीच्या तीन गाड्या निघाल्या की उरलेल्या वेळात ते माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले आणि हळूहळू फोन उचलायला लागले. मी लोकांना हवी ती वेळ द्यायचे, म्हणून एकच गाडी पिंपळे सौदागरला एका दिवसात तीनदा जायची. सासऱ्यांनी ते बंद केलं. मंगळवार पिंपळे सौदागरचा, बुधवार चिंचवडचा, असे वारच लावून टाकले. लोक चिडतील अशी मला धास्ती. पण सासरे भांडायचे नाहीत, गप्पा मारायचे. "ताई, पाणी अगदीच बंद असेल तर आत्ता पाठवतो. नुसती सफाई असेल तर मंगळवारी आमचा माणूस तुमच्याच गल्लीत आहे, निवांत करून देईल." मग त्या ताईंची गुडघेदुखी, मग त्यांच्या नातवाची परीक्षा. फोन ठेवताना समोरचा माणूस मंगळवारवर खूश.

पिंपळे सौदागरच्या एका बाई आधी आमच्या कट्टर विरोधात होत्या, त्यांना शनिवारच हवा होता. महिन्याभरात त्यांनीच आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांची सफाई एका मंगळवारी ठरवून दिली. आमची गाडी सकाळी त्यांच्या पार्किंगमध्ये लागली ती संध्याकाळीच हलली. त्या महिन्यात बिलं बघून नवऱ्यानं पंपवाल्यालाच फोन केला, एखादं बिल द्यायचं राहिलंय का म्हणून. भाऊ हल्ली दिवेलागणीला घरी असतात, म्हशीची धार स्वतः काढतात.

परवा पिंपळे सौदागरच्या त्या बाई स्वतः ऑफिसात आल्या. हातात कोथिंबीरवड्यांचा डबा. "तुमच्याकडे फोनवर एक गोड बोलणारा मुलगा आहे ना," मला म्हणाल्या, "त्याला भेटायचंय." मी आत बोट दाखवलं. सासरे चष्मा कपाळावर, फोन पोटावर ठेवून खुर्चीतच घोरत होते. बाई क्षणभर थबकल्या, मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "असू दे, उठवू नका," म्हणाल्या, आणि समोरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या.