पत्रकातला दाढीवाला

त्या दिग्दर्शकाचा नवा पिक्चर येणार म्हटलं की दोन प्रकारची माणसं वाट बघायला लागतात. एक त्याचे भक्त, दुसरे आम्ही. भक्त निदान मधूनअधून कामाला जातात, जेवतात, झोपतात. आम्हाला तेवढी सवड नसते. टीझर आला की बैठक, पोस्टर आलं की बैठक, गाणं आलं की निषेधाचं टिपण. भक्तांनी ट्रेलर बघून शिट्टी मारली आणि ते मोकळे झाले. मी तो इतक्या वेळा लावला की मामी भाकरी थापताना त्याचं पार्श्वसंगीत गुणगुणायला लागली. याला मी अभ्यास म्हणत होते.

दिग्दर्शकाचं नाव सांगत नाही. त्याचा पिक्चर लागला की घराघरांत दोन तट पडतात, तेव्हा कोण ते ज्याचं त्यानं ठरवावं. शेजारच्या माणसाकडं संशयानं कसं बघायचं, हे तो तीन तास सुंदर उजेडात शिकवतो. माझं त्याच्याशी भांडण आहे आणि ते खरं आहे, आजही आहे. फक्त त्याचा एकही पिक्चर मी चुकवलेला नाही, एवढी गोष्ट कुठल्या पत्रकात आलेली नाही.

आमची संघटना एका चटईवर मावते. तिचे ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. पहिली ओळ प्रश्न पाहिजे, दुसरी ओळ त्याहून मोठा प्रश्न, आणि शेवटी मागण्या. ही सवय अशी हाडात गेलीय की मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितानाही माझ्याकडून तीन मागण्या होतात.

या पिक्चरच्या पत्रकाचा पहिला खर्डा सरांनी बाजूला सारला. म्हणाले, "तत्त्व छान आहे. पण तत्त्व कोण वाचत नाही, पोरी. चेहरा दाखव. एक चेहरा."

मग मी परत ट्रेलर लावला. अगदी शेवटी, अंधारातून माणसांचा लोंढा येतो आणि सगळ्यांत पुढं एक दाढीवाला, हातात पेटता टेंभा. तोंड काजळीनं माखलेलं. क्षणभर तो थेट आपल्याकडं बघतो आणि पडदा काळा होतो. मी तिथंच थांबवलं. मोठं करून बघितलं. अंगावर काटा आला, आणि काटा आला याचा मला भयंकर राग आला. त्या रागात मी एका दमात लिहिलं:

'ट्रेलरच्या शेवटी येणारा तो दाढीवाला नीट पाहा. त्याच्या डोळ्यांत साठलेलं विष पाहा. असली माणसं हे लोक शोधतात तरी कुठं? हा चेहरा उद्या तुमच्या गल्लीत आला, तर तुम्ही दार उघडाल का?'

खाली जाहीर प्रतिज्ञा होती, हा चित्रपट आम्ही पाहणार नाही अशी, आणि तिच्याखाली आमची नावं. माझं पहिलं. सर म्हणाले, "आता झालं पत्रक." मला त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागलं.

आई-वडील मलकापूरला, कॉलेजसाठी मी शिवाजी पेठेत मामाकडं आले आणि राहिलेच. तसं त्याच्या आधीही प्रत्येक सुट्टी इथंच जायची. मामाची पिठाची गिरणी आहे, आम्ही तिच्यावर राहतो. पेठेत पत्रकं वाटायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. संध्याकाळी तालमीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि आमची गल्ली शेवटी उरकली. घरच्यांना पत्रक द्यायचं मला कधी सुचत नाही. घरचे आपल्या बाजूचेच असतात असं आम्ही धरून चालतो.

सकाळी खाली उतरले तर गिरणी चालू, पण मामाचं लक्ष दळणात नव्हतं. डबे घेऊन थांबलेल्या बायकांना तो माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवत होता. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून.

"डोळ्यांत साठलेलं विष पाहा," मामा म्हणाला आणि थांबला. "ह्ये तू लिवलंयस?"

"व्हय. का?"

"मग आधी बोलायचं न्हाय व्हय गं? मी आपला गप. म्हटलं, पोरगी वळखती का न्हाय बघू. पैल्या फटक्यात वळखलीस की."

मला काहीच कळलं नाही. मामानं पत्रक डब्यावर ठेवलं, हनुवटी जरा खाली घेतली आणि माझ्याकडं बघितलं. पीठ बसलेल्या भुवया, पीठ बसलेल्या पापण्या, आणि त्यांच्या आत ते डोळे. मी मोठे करून बघितलेले.

आयुष्यभर ज्याचं तोंड पांढरं बघितलं, त्याला काळं फासून दाढी चिकटवली तर मी ओळखलं नाही. आणि म्हणे चेहरा दाखव.

रांगेतल्या एक काकी म्हणाल्या, "दार उघडाल का म्हणं. ह्याला दार उघडलं न्हाय तर दळण कोण देणार आमास्नी? तू?"

बायका हसल्या. मामा सगळ्यांत जास्त हसला. मी म्हटलं, "वळखलो की मामा. तुला वळखणार न्हाय व्हय." आमच्याकडच्या पोरी घरात अशाच बोलतात, आलो, गेलो, वळखलो, बाहेरून आलेले पावणे दचकतात.

मामाचं पिक्चरमध्ये काम करणं मला नवं नव्हतं. कोल्हापुरात शूटिंग आलं की गर्दी लागते आणि गर्दी आमच्या पेठेतून जाते. मामा अनेक वर्षं गर्दी होता. सैनिक झाला, वऱ्हाडी झाला, लढाईनंतरचा मुडदाही झाला. लहानपणी प्रत्येक पिक्चरला तो मला शेजारी बसवायचा आणि त्याची जागा आली की कोपरानं ढोसायचा. "बघ, बघ. तिसऱ्या रांगेतलं पागोटं. दिसलो काय?" मला कधीच दिसला नाही. मी मान वर करेपर्यंत तिसरी रांग निघून गेलेली असायची. मी म्हणायचे, "दिसलास की." मग तो मागं रेलून उरलेला पिक्चर निवांत बघायचा.

या वेळचं शूटिंग मलकापूरच्या पुढं, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर होतं. मला पत्ताच नव्हता. मामा त्या दिवसांत बिद्रीला मामीच्या माहेरी गेलाय, असं मामीनं सांगितलं होतं. "कंपनीनं सही घेतल्याली, कुणाला बोलायचं न्हाय म्हणून," मामा म्हणाला. कंपनीला दिलेला शब्द त्यानं माझ्यापेक्षा चांगला पाळला हे मला नंतर कळायचं होतं.

"पण मामा, तू त्यात कुणाचं घर जाळाय निघालाईस, ठाव हाय काय?"

"प्लायवूडचं होतं गं. आग बी गॅसची. चावी फिरीवली की बंद."

"मी घराचं न्हाय बोलत. पिक्चर काय सांगतोय, त्ये बोलतोय."

"मला कुणी सांगितलं न्हाय. पुढं हो म्हणाले, झालो. त्या तिकडं बघ म्हणाले, बघितलो. चिडल्यासारखं कर म्हणाले." मामा थोडा लाजला. "मग मी आपला वायरमन आठवला. ऐन दळणाच्या येळंला लाईट घालवतोय त्यो."

म्हणजे मी ज्या विषाबद्दल पेठभर विचारत फिरले, की हे आलं कुठून, ते वायरमनसाठी होतं. यावर काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. हेच तर मी म्हणतेय, असं मी म्हटलं. तुझा राग वायरमनवरचा, दिग्दर्शकानं लावला दुसऱ्याच्या दारात. मामा म्हणाला, "लई भारी बोलतीस." आणि चाळण हलवायला गेला.

जाता जाता त्यानं खरी गोष्ट काढली. "शुक्रवारी पैला शो. सगळी गल्ली येणार हाय. तू माज्या बाजूला."

"न्हाई जमत मामा. सही केलोय. छापून आलंय."

मामानं पत्रक परत उचललं, खाली माझं नाव शोधलं आणि अंगठ्यानं त्याच्यावरचं पीठ पुसलं. आयुष्यात एकदा कॅमेरा त्याच्या तोंडावर आला होता, आणि ज्या पोरीला तो इतकी वर्षं तिसरी रांग दाखवत आला, तीच येणार नव्हती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी ते पत्रक लॅमिनेट होऊन गिरणीच्या भिंतीवर लागलं. त्यात चूक कुणाची नव्हती. इतक्या वर्षांत मामाच्या कामाबद्दल कुणी छापील अक्षर लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, आणि अगदी मनापासून लिहिलं होतं. डोळ्यांबद्दल तर एका नटासाठी याहून चांगलं काय लिहिणार? तालमीच्या पोरांनी चौकात डिजिटल लावला. आमच्याकडं फ्लेक्सला डिजिटल म्हणतात आणि त्याशिवाय कुणाचं काही साजरं होत नाही. मध्ये टेंभा धरलेला मामा, कोपऱ्यात शिक्क्याएवढा हिरो, आणि खाली ठळक अक्षरांत माझी ओळ: 'डोळ्यांत साठलेलं विष.' त्याखाली, पेठेची शान.

मी बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, तो परिच्छेद मागं घेऊ या.

"का?" सरांनी विचारलं.

"तो माझा मामा आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मामाचा प्रश्न व्यक्तिगत आहे," ते म्हणाले. "पण एक बघ. पत्रक संपलंय. आजवर आपलं एकही पत्रक संपलेलं नाही. लोक दारात येऊन मागताहेत."

"सर, ते मामासाठी मागताहेत."

"कशासाठी का वाचेनात. वाचताहेत ना? आणखी छापू."

आणि छापली. शुक्रवारी सकाळी थिएटरच्या फाटकाशी नवा गठ्ठा घेऊन आम्ही उभे. इतर वेळी लोक आमचं पत्रक घेतात आणि चार पावलांवर टाकतात. त्या दिवशी हात पुढं करून घेत होते, खिशात घडी घालून ठेवत होते आणि पिक्चर बघायला आत जात होते. एकजण म्हणाला, "ताई, दोन द्या. एक गावाकडं पाठीवतो." माझ्या बाजूचा कार्यकर्ता घोषणा देत होता आणि येणारा प्रत्येकजण त्याला मामाचा पाहुणा समजून हात मिळवत होता.

मग हलगी वाजली आणि आमची गल्ली आली. मध्ये मामा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडावर पिठाचा कण नाही. तसा तो मला परत ओळखू आला नसता, पण मामी शेजारी होती. सगळे आत गेले. मामा फाटकाशी थांबला.

"चल," तो म्हणाला.

"मामा, सांगितलंय की."

"काय सांगितलंयस? बघणार न्हाय म्हणूनच न्हवं? मग बघू नगंस. आत ये आनि डोळं मीट. माझं आलं की सांगतो. तेवढंच बघ आनि परत मीट."

मी सरांकडं बघितलं. सरांनी प्रतिज्ञेचा मजकूर पुन्हा वाचला, अगदी उत्तरपत्रिका तपासल्यासारखा. "चित्रपट पाहणार नाही, असं आहे," ते म्हणाले. "बसणार नाही, असं नाही." आणि शिल्लक गठ्ठा त्यांनी माझ्या हातून घेतला.

अशा रीतीने मी, प्रतिज्ञेवर पहिलं नाव असलेली कार्यकर्ती, त्या दिग्दर्शकाच्या पिक्चरला पहिल्या शोला डोळे मिटून बसले. जाहिराती संपेपर्यंत ते प्रामाणिकपणे मिटलेले होते. मग ते संगीत सुरू झालं आणि मी एक डोळा किलकिला केला, निषेधापुरता. दुसऱ्या डोळ्याचं कारण मला आता आठवत नाही. मध्यंतरात मी पॉपकॉर्न खाल्लं नाही, एवढीच माझी नोंद घ्यावी.

पिक्चर विषारी होता. मला वाटलं होतं त्याहून जास्त. आणि चांगला काढला होता, हेच आमचं दुखणं आहे. वाईट काढला असता तर पत्रकं कशाला लागली असती. पुढच्या पत्रकात हे लिहायचं मी तिथंच ठरवलं. कसं लिहायचं ते ठरलं नाही, अजून ठरलेलं नाही.

शेवटाकडं अंधार झाला. लोंढा यायला लागला. माझं लक्ष पडद्याच्या मधोमध लागलं होतं, मान ताठ, लहानपणीची चूक या वेळी करायची नव्हती. मामाचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं.

"आता उघड."

आणि आमच्या पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. अख्खी शिवाजी पेठ. हात वर, मोबाईल वर, शिट्ट्या, टोप्या उडाल्या. कुणीतरी आतही हलगी आणली होती. मी खुर्चीवर चढले, तर माझ्यापुढच्या काकीही चढल्या. त्यांच्या खांद्याच्या वर पडद्याचा जो तुकडा उरला, त्यात टेंभ्याचा धूर होता. मग तोही काळा झाला.

माणसं खाली बसली. मामा मात्र उभाच होता आणि पडद्याकडं नव्हे, माझ्याकडं बघत होता.

"दिसलो काय?"

"दिसलास की."

"डोळं?"

"लई विष होतं मामा."

मामा बसला. मागं रेलला आणि उरलेला पिक्चर निवांत बघायला लागला. मी परत डोळे मिटले. या वेळी खरोखर. मामाचे डोळे बघायला परत यायचं होतं, पण सोमवारपर्यंत प्रत्येक शोला फाटकावर सर असणार होते, त्यामुळं मला निदान मंगळवारपर्यंत तरी थांबावं लागणार होतं.