दुपट्यात गुंडाळलेले हात

“त्या बाळाला खुळखुळा देऊ नका. तोंडात घालेल ते.”

सिस्टर माझ्याशी नाही, आमच्या वॉर्डातल्या आयामावशींशी बोलत होत्या. पण दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायांनी वळून पाहिलं आणि बाळाच्या आईने पदर पुढे ओढून घेतला.

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी बाळांचा विकास तपासते. बाळ मान वळवतं का, वस्तूकडे हात नेतं का, हाक मारली की बघतं का. या खोलीत येणारी बाळं ‘एक्स्पोज्ड’ असतात. म्हणजे आईला एचआयव्ही आहे, बाळाच्या टेस्ट आतापर्यंत निगेटिव्ह आहेत. आई रोज गोळ्या घेते आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने अंगावर पाजते. थुंकीतून, खेळण्यांतून एचआयव्ही पसरत नाही. भिंतीवरच्या पोस्टरवरही तसं लिहिलंय. ते पोस्टर सिस्टरांनीच चिकटवलंय.

बाळ दहा महिन्यांचं होतं, अक्कलकोटकडचं. मी लाल ठोकळा पुढे धरला. त्याने ठोकळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. हात मांडीवरच. मी ठोकळा टेबलावर आपटला. तरी ढिम्म.

फाइलवर ‘डिले’ लिहिलं, म्हणजे वयाच्या मानाने मागे. आमचे डॉक्टर, म्हणजे सर, शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी वाचलं न वाचलं केलं. “व्हिटॅमिन ड्रॉप्स चालू आहेत ना? कंटिन्यू. ब्रेनला चांगले असतात. नेक्स्ट.”

व्हिटॅमिनशी माझं भांडण नाही. अंगात कमी असतील तर द्यायलाच हवीत, मेंदूच्या वाढीलाही ती लागतात. पण ड्रॉप्स पिऊन कोणी वस्तू धरायला शिकत नाही. धरून धरूनच शिकतं.

आईने हळूच विचारलं, “मॅडम, दोन थेंब जास्ती दिलं तर हुशार हुईल का वो?”

“नको, सांगितलेत तेवढेच. घरी कशाशी खेळतो?”

“कशाशीच न्हाई.”

“वाटी, चमचा, काहीतरी?”

“दुपट्यात हात गुंडाळून ठेवते की मी. जावंची पोरं हायत घरात. त्यांच्या खेळण्याला ह्यानं तोंड लावलं तर? तुमच्या सिस्टरच म्हणल्या, ह्याचं समदं येगळं ठेव. ठेवलं येगळं.” तिने पदराने बाळाची लाळ पुसली. “मुका बी घेत न्हाई मी ह्याचा.”

मी सिस्टरांकडे पाहिलं.

“काळजी घ्यायला सांगितलं. त्यात काय चुकलं?” सिस्टर म्हणाल्या.

मी खुळखुळा काढून बाळापुढे धरला. त्याने पुन्हा आईकडे पाहिलं.

“तुम्ही सांगा त्याला,” मी म्हणाले.

तिने आधी सिस्टरांकडे बघितलं. मग अगदी पुटपुटत कानडीत म्हणाली, “तगो, मगा.” घे, बाळा.

बाळाने हात पुढे केला. घट्ट धरला खुळखुळा आणि सरळ तोंडात. आई तो ओढून घ्यायला झेपावली. मी तिचं मनगट धरलं. “राहू दे. काही होत नाही.”

“सर, बघा हो हे!” सिस्टर ओरडल्या.

सरांनी मान वर केली नाही. “मॅडम, इमोशनल होऊ नका. ते खेळणं वेगळ्या पिशवीत टाका. ड्रॉप्स लिहिलेत मी, झालं की. नेक्स्ट बोलवा.”

राग आला की माझा आवाज बसतो. इंग्रजी शाळेत शिकल्याने भांडायला मराठी शब्दही चटकन सापडत नाहीत. मी उठले, आधी दार लावलं. बाहेरच्यांनी आधीच पुरेसं ऐकलं होतं. मग बोलले.

“सर, वेगळी पिशवी होणार नाही. हे खेळणं मी बाकीच्यांबरोबरच धुणार. या बाळाच्या मेंदूत काही बिघाड आहे की नाही, ते आज मला सांगता येत नाही, कारण त्याला हात वापरूच दिलेले नाहीत. ते आईने आपलं ऐकून केलं. यावर ड्रॉप्स नाहीत. तुम्ही आणि सिस्टर दोघं इथे तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा, आम्ही चुकीचं सांगितलं, बाळाचा मुका घे. तोवर मी नेक्स्ट बोलावणार नाही.”